कासेगावच्या गेल ऑम्वेट आणि आपल्या जिल्ह्याची कोरी पानं

पदवीधर मित्र-मैत्रिणींनो आणि लेकरांची पदवी बघायला फडावरून, शेतावरून आलेल्या आयाबापांनो,

तुमच्या पदवीवर विद्यापीठाचं जे नाव छापलंय, ते तिथं यायला १९७८चा विधिमंडळाचा ठराव, त्यापाठोपाठ मराठवाड्यात जाळलेल्या दलित वस्त्या आणि १४ जानेवारी १९९४चा नामविस्तार एवढं सगळं घडावं लागलं. हा इतिहास तुमच्या हातात आहे. म्हणून आज मी एका इतिहासकार बाईंबद्दल बोलणार आहे. त्या म्हणजे डॉ. गेल ऑम्वेट.

जन्म १९४१चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. बर्कलीच्या विद्यापीठात संशोधनाला विषय घेतला तो जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा. त्यासाठी त्या महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या, सत्यशोधकांची जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तिका त्यांनी धुंडाळल्या. १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध १९७३ साली पुरा झाला. कुळवाडी, कष्टकरी जातींनी आपल्या बुद्धीनं उभा केलेला हा सांस्कृतिक उठाव होता, असं त्यांनी ठामपणे मांडलं. त्या काळी विद्यापीठांतून असं म्हणणारे फार थोडे होते.

प्रबंध झाला, पण गेल इथल्याच झाल्या. डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हे घर केलं, १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. सासूबाई इंदुमती पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. दोघी मिळून नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या हक्कासाठी लढल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेलबाईंचं निधन झालं.

गेल आणि भारत पाटणकर ज्या चळवळीत होते, तिचं एक काम आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसानं नीट समजून घ्यावं. सांगलीतल्याच खानापूर तालुक्यात येरळा नदीकाठची गावं आपल्यासारखीच दुष्काळी. नदीतली वाळू ठेकेदार उपसून न्यायचे. १९८०च्या दशकात गावकऱ्यांनी त्या वाळूवर आपला हक्क सांगितला, थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि स्वतः धरण बांधलं. पाणी वाटताना कोणाची जमीन किती, हे पाहिलं नाही. घर तिथं वाटा, भूमिहीनालासुद्धा. धरणाला नाव दिलं बळीराजाचं. ज्या बाईंनी फुल्यांचा बळीराजा जुन्या कागदांत वाचला, त्यांच्या चळवळीनं तो पाटाच्या पाण्यापर्यंत आणला. इतिहासाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

कासेगावशी आपलं आणखी एक नातं आहे. तो मुलूख उसाचा. तिकडचा ऊस तोडायला दिवाळीच्या सुमारास आपल्या धारूर, केज, वडवणी, पाटोद्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून एक कोयता व्हायचं, फडाशेजारी कोपी घालायची, पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधायच्या, आजारी पडलं तरी खाड्याचे पैसे भरायचे. २०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा पुढं यायला इतकी वर्षं लागली, कारण तोवर एवढ्या बायकांना कोणी विचारलंच नव्हतं.

इतिहासातही आपल्या जिल्ह्याची पानं अशीच कोरी आहेत. गेलबाईंच्या त्या प्रबंधाचा मुख्य भर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यावर. आपण १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या कष्टकऱ्यांचा तसा इतिहास तुमच्यातल्या कोणीतरी लिहावा. त्यासाठी मोडी शिकावी लागेल, उर्दू शिकावी लागेल. कोणाला ते जमणार नसेल, तर त्यानं घरापासून सुरुवात करावी. आजी पहिल्यांदा कोणत्या कारखान्यावर गेली, उचल किती होती, फिटली का, बाळंतपण कुठं झालं, हे तिच्या तोंडून ऐकून गाव आणि सालासकट लिहून ठेवा. मुकादमाच्या जुन्या वह्या सापडल्या तर रद्दीत जायच्या आत ताब्यात घ्या. त्या ठेवायला ग्रंथालयात एक कपाट आजच मोकळं करून द्यावं, ही माझी प्राचार्यांना विनंती आहे.