आधी टॅली



मी गोदीतला हमाल. जहाजातली पोती उतरायच्या आधी टॅली झाली नाही, तर तूट आमच्या माथी. खाणीचंही तसंच. उमरीच्या शिवारात उद्या मुरूम-खडीची खाण निघायची असंल तर पाणी आजच मोजलं पाहिजे. मागून आड आटला की साहेब म्हणणार, पाऊसच कमी!

मराठवाड्यात खाली बहुतेक काळा कातळ. पाणी थांबतं ते वरच्या मुरमात अन् खडकाच्या भेगांत. म्हणजे ट्रकात भरून जाते ती आपली पाण्याची टाकीच.

पाच हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते, सुप्रीम कोर्टानं २७ फेब्रुवारी २०१२ लाच सांगितलंय. सरकारी भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरात मोजते. ठीक. पण खाणीच्या कागदावर विहीर कुणाची चढणार? बागायतदाराची, ऑक्टोबरात तुडुंब भरलेली? का वस्तीचा आड? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नोंदवहीत मात्र आपलं पाणी अजून शिरायचंय.

दोरीला दगड बांधा. भर मे महिन्यात आड मोजा. हापशावर घागर भरायला किती वेळ लागतो, लिहा. ओढा कुठवर वाहायचा ते म्हातारीला विचारा. तारीख टाका, सह्या-अंगठे घ्या. वही ग्रामसभेत वाचा, अन् नक्कल तहसीलीत देऊन पोच घ्या.