बाईंचा पगार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषण करण्याची सवय नाही. पण एक गोष्ट मनात सलते आहे, ती तुमच्यापुढे मांडते. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या मागच्या खोलीत एक शिक्षिका भाड्याने राहत होत्या. माझा धाकटा सहावीत त्यांच्याच हाताखाली होता. दोन महिन्यांचे भाडे थकले, तेव्हा मी त्यांना दारातच म्हणाले, "बाई, तुम्हांला पगार आणि वर सुट्ट्या. भाडे कसे थकते?" त्या काहीच बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पासबुक आणून दाखवले. पाच महिन्यांत एक पैसा जमा नव्हता. "काकू, आमची शाळा विनाअनुदानित होती. आता वीस टक्के अनुदान लागले आहे, पण तेही वेळेवर येत नाही," त्या म्हणाल्या. मागे माझ्याच साडीला फॉल-पिको करून आला होता. दुकानदार तो त्यांच्याकडून करून घेत असे, हे मला त्या दिवशी कळले. भगिनींनो, मला मान वर करवेना.

मग मी विचारपूस केली. पूर्वी अशा शाळांना "कायम विनाअनुदानित" म्हणत. 2009 साली "कायम" हा शब्द काढला. 2016 पासून वीस टक्क्यांनी सुरुवात झाली आणि पुढचे टप्पे मागण्यात वर्षे गेली. 2025 च्या जुलैत हे शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर भर पावसात बसले होते. नव्या शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. प्राथमिकला हे मानधन 2023 पर्यंत महिना सहा हजार होते, मग ते सोळा हजार झाले.

कोणी म्हणेल, सरकारजवळ पैसा कुठे आहे? कोणी म्हणेल, पुरा पगार घेणारेही सगळेच कुठे मनापासून शिकवतात? दुसरे बोलणे अगदीच खोटे नाही. पण जो शिकवत नाही त्याला जाब विचारावा. त्याच्यापायी जी शिकवते तिला उपाशी ठेवू नये. पैशाचे म्हणाल, तर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावे असे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितले. 2020 च्या धोरणातही तेच सहा टक्के लिहिले आहेत. अजून आपण तिथवर पोचलेलो नाही. आणि महात्मा फुल्यांनी तर 1882 सालीच हंटर आयोगापुढे मागितले होते, की प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा!

आपण बायकांनी काय करावे? शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आपण तिथे जातो, सही करतो आणि परततो. यापुढे सही करण्याआधी बसून विचारू या: अनुदान किती आले, पगार झाला का, आणि शिकवणे होते का? तिन्ही प्रश्न एकदमच विचारायचे.

बाईंची आता दुसऱ्या गावी सोय झाली आहे. थकलेले भाडे मी घेतले नाही, त्यात माझा मोठेपणा नाही. त्या दिवशीचे माझे शब्द मात्र मला परत घेता येत नाहीत. ते तुमच्या तोंडून कधी निघू नयेत, एवढ्याचसाठी उभी राहिले.