मुलापासून आजार लपवू नका



मुंब्रा, भिवंडी, कल्याणहून आजारी मूल घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणारी कुटुंबे आपल्यातलीच आहेत. (लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कॅन्सरच्या रुग्णालाही जाता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) निदान कळताच घरात पहिला ठराव होतो, "त्याला काही सांगायचं नाही."

पण दहा वर्षांच्या मुलाला अम्मीचे सुजलेले डोळे दिसतात. आपण खोलीत शिरलो की बोलणे थांबते, हेही कळते. कोणी सांगत नाही म्हणून ते स्वतःच कारण शोधते. अब्बांचे ऐकले नाही, त्याची ही सजा!

मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचा. तो असा सांगता येईल, "बेटा, तुला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. हाडांच्या आत रक्त तयार होते, तिथे बिघडलेल्या पेशी फार वाढल्या. चांगल्यांना जागा उरली नाही, म्हणून तू थकतोस. औषध त्यांना मारील. केस गळतील, पुन्हा येतील. यात तुझी काही चूक नाही."

पालकांनी स्वतः समजून घेणे मात्र याहून कठीण. या रोगाच्या नेहमीच्या प्रकारावर उपचार दोन-तीन वर्षे चालतात. परंतु महिना-दीड महिन्यातच बहुधा रक्त स्वच्छ दिसू लागते, मूल खेळू लागते. मग "बरा झाला" म्हणून त्याला गावी नेतात, नाहीतर कोणी सुचवलेली जडीबुटी सुरू होते. लपलेल्या पेशी तेव्हाही शिल्लक असतात, आणि उलटलेला रोग पहिल्यापेक्षा हट्टी असतो. उपचार चालू असताना ताप आला तर त्याच रात्री इस्पितळ गाठावे. घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. रमजानात मुलाने रोजाचा हट्ट धरला तर आजाऱ्याला त्यातून सवलत आहे, हे त्याला प्रेमाने समजवावे.

पहिल्या दिवशी 'कॅन्सर' या शब्दापुढचे काहीच कानात शिरत नाही. म्हणून वही न्यावी, प्रश्न उर्दूत वा मराठीत लिहावेत आणि डॉक्टरांचे उत्तर आपल्या शब्दांत त्यांनाच परत ऐकवावे. खर्चाची अडचण समाजसेवा विभागात सांगण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, टोपी घालून परत आलेल्या वर्गमित्राच्या बाकावर खुशाल बसा. हा रोग लागत नाही. तुम्हाला सर्दी, कांजिण्या असतील तेव्हा मात्र दूर राहा, कारण धोका त्याला आहे. आणि चुकलेल्या धड्यांची वही त्याच्या घरी पोहोचती करा.