‘हो मॅडम’ म्हणण्याआधी

नर्सिंगच्या माझ्या मुलामुलींनो,

मी तंजावूरची. आमच्या माहेरी अजूनही दक्षिणी मराठी बोलतात. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातली डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं जपलेली आहेत. रुग्णाला काय त्रास, कोणता उपचार केला आणि सोबत त्या डोळ्याचं चित्र. राजे १७९८ साली गादीवर बसले ते राज्य करायला. मोतीबिंदू हा काही त्यांचा विषय नव्हे. पण त्यांनी देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर दोघांनाही जवळ केलं, विचारलं, आणि जे घडलं ते रुग्णागणिक लिहून घेतलं. लहानपणापासून मी हे ऐकत होते, पण त्यातून माझ्यासाठी काही घ्यावं हे सुचलं नव्हतं.

सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून माझी सहा वर्षं झाली होती. एका सकाळी मेट्रन म्हणाल्या, उद्यापासून नवजात अतिदक्षता कक्षाची इन्चार्ज तू. मी लगेच ‘हो मॅडम’ म्हणाले. नाही म्हटलं तर कामचुकार ठरेन, ही भीती. दीड किलोच्या बाळाला तोवर मी हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी सिरिंज पंपावर ताशी ०.५ मिलिलिटरऐवजी मी ५ लावत होते. शेजारच्या ज्युनिअर सिस्टरनं माझं मनगट धरलं. दहापट औषध जाणार होतं, मुलांनो! ती पकड मला अजून जाणवते.

योग्य काम, योग्य माणूस, योग्य परिस्थिती, नीट सूचना आणि देखरेख: काम सोपवणाऱ्यानं या पाच गोष्टी पाहायच्या, हे तुम्ही पुस्तकात वाचता. ते खरंच आहे, आणि काम सोपवलं म्हणून वरिष्ठांची जबाबदारी संपत नाही. पण दोन सिस्टर रजेवर आणि चार वॉर्ड उघडे असतात, तेव्हा मेट्रनला तुमच्या मनातलं कसं कळणार? मला काय येत नाही, हे मीच सांगायला हवं होतं.

मात्र न आवडणारं काम आणि न येणारं काम यांची गल्लत करू नका. ड्यूटी-लिस्ट, स्टोअरचा हिशेब, नव्या मुलींचे वर्ग घेणं ही कामं बिनधास्त अंगावर घ्या. चुकलं तर दुरुस्त होतं. पंप, व्हेंटिलेटर, रक्त चढवणं, इथे जाणतं माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.

काही वर्षांनी डायलिसिस युनिट माझ्याकडे आलं. या वेळी मी म्हणाले, “मॅडम, येते. पण मशीन मला येत नाही. दोन आठवडे जुन्या इन्चार्जबरोबर ड्यूटी लावा, आणि रात्री अडलं तर कोणाला फोन करू ते सांगा.” मेट्रन क्षणभर थांबल्या आणि तिथेच ड्यूटी-लिस्ट बदलली. त्या दोन आठवड्यांत मी राजांच्या टिपणांसारखी एक वही केली. रुग्णाचं नाव एकही नाही. मला काय आलं नाही, कोणाला विचारलं, त्यांनी काय दाखवलं, एवढंच. मशीनची चित्रंही काढली आहेत, वेडीवाकडी.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. प्राचार्य मॅडम, ती तुमच्या वाचनालयात ठेवा.