पिवळ्या स्कूटरवरची गाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आपली अपेक्षा नाट्यसंगीताची किंवा संतवाङ्मयाची असणार, हे आम्ही जाणून होतो. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे लिहिण्यात हयात घालविलेल्या एका साध्या बी. ए. माणसाकडून याहून निराळी अपेक्षा ती कोणती असावी? तरीही आज आम्ही बोलणार आहोत ते गोव्याच्या एका गिटारवाल्या गायकाविषयी आणि चाळीस वर्षे त्यांच्या मागे मनाने फिरलेल्या एका चाहत्याविषयी. तो चाहता म्हणजे आम्हीच. विषय आपणांस हलका वाटला, तर शेवटपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

१९८५ सालच्या मे महिन्यात आम्ही मावशीकडे म्हापशाला गेलो होतो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. जबलपूरहून मुंबईपर्यंत आगगाडी आणि पुढे रात्रभर एस. टी., असा तो प्रवास. पोहोचलो त्याच संध्याकाळी मावसभावाने एक कॅसेट आमच्या हाती ठेवली. नाव होते 'गोअन क्रेझी', आणि गायक रेमो फर्नांडिस.

त्या कॅसेटीची हकीकत आम्हांस गाण्यांइतकीच नवलाची वाटली. १९५३ साली पणजीत जन्मलेल्या या माणसाने मुंबईत वास्तुशास्त्राची पदवी घेतली. पण घरे बांधण्याऐवजी युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, आणि परत येऊन म्हापशाजवळच्या शिवोली गावी आपल्या घरातच गाणी ध्वनिमुद्रित केली. यंत्र साधे, चार पट्ट्यांचे. शब्द त्यांचे, चाल त्यांची, कंठ त्यांचा आणि वाद्येही त्यांनीच वाजविलेली. स्वतःची इंग्रजी गाणी रचणाऱ्या भारतीयासाठी त्या काळी कंपन्यांची दारे सहसा उघडत नसत. म्हणून १९८४ साली त्यांनी ही कॅसेट स्वतःच काढली आणि पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानांत स्वतःच पोहोचविली.

हे ऐकून आम्ही दोन दिवस म्हापशाच्या बाजारात त्या स्कूटरची वाट पाहत उभे राहिलो. ती आली नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनातून ती पुढे कधी गेलीही नाही.

जबलपूरला परतल्यावर ती कॅसेट घरी वाजू लागली. वडील आयुधनिर्माणीत नोकरीस होते. संध्याकाळी पेटी काढून नाट्यपदे म्हणण्याचा त्यांचा परिपाठ. पहिले आठ दिवस ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. नवव्या दिवशी त्यांनी पेटी पुढे ओढली आणि गिटारीतला एक सूर शोधू लागले. कोमल गंधार लावून पाहिला, शुद्ध गंधार लावून पाहिला. सूर दोहोंच्या मध्ये कोठेतरी होता. अखेर भाता मिटून ते म्हणाले, "हा सूर पेटीत नाही रे. हा गळ्यातला आहे. तार ओढून मींड घेतली आहे त्याने."

वडिलांनी नकळत एका मोठ्या परंपरेच्या मुळावरच बोट ठेवले होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यातून ब्लूज संगीत जन्मास आले. दोन गंधारांच्या मध्ये तरंगणारा तो सूर त्याचा प्राण. मडी वॉटर्स हा गायक १९४३ साली मिसिसिपीचे शेत सोडून शिकागोस गेला. शहराच्या गोंगाटात आवाज पोहोचावा म्हणून त्याने विजेची गिटार हाती धरली. पुढे इंग्लंडमधल्या तरुणांनी तेच संगीत उचलले, आणि त्याच मुळातून रॉक संगीत फोफावले. घर सोडून दूर गेलेल्या माणसांनी आपला सूर बरोबर नेला आणि नव्या गावात तो निराळ्या वाद्यावर वाजविला, एवढाच याचा अर्थ. नर्मदाकाठी गणेशोत्सव मांडणाऱ्या आपल्यासारख्यांस तो समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रेमोंच्या गाण्यांत या रॉकबरोबर गोव्याची लोकगीते आणि पोर्तुगीज वळणेही मिसळली होती. वडील त्यांस 'आपला रेमो' म्हणू लागले.

मग त्यांचा उत्कर्ष सुरू झाला आणि आम्ही दुरून तो मोजू लागलो. १९८५ साली श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' चित्रपटात ते दिसले. १९८६ साली अमली पदार्थांविरुद्धची 'पॅक दॅट स्मॅक' ही कॅसेट निघाली. १९८७ साली 'बॉम्बे सिटी'. त्याच वर्षी 'जलवा' चित्रपटातून त्यांचा आवाज देशभर पोहोचला. सदर बाजारातल्या दुकानात त्यांची कॅसेट प्रथम पाहिली तेव्हा आमच्याच घरचे कोणी परीक्षेत पहिले आल्यासारखा आनंद आम्हांस झाला. वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटविण्यासाठी आम्ही एक वही केली होती. ती अद्याप आहे.

आता जे सांगावयाचे ते थोडे लाजिरवाणे आहे. १९९५ साली 'बॉम्बे' चित्रपटातले 'हम्मा हम्मा' आले. वरातींतले बँड ते वाजवू लागले, कचेरीतले शिपाई ते गुणगुणू लागले. आम्हांस हर्ष व्हावयास हवा होता. झाला तो मत्सर. 'यांना काय ठाऊक पिवळी स्कूटर?' असे मनात येई. १९९८ साली 'प्यार तो होना ही था'चे शीर्षकगीत गाजले आणि आम्ही वही मिटून ठेवली. २००७ साली रेमोंस पद्मश्री मिळाल्याचे वृत्त वडिलांनीच वाचून दाखविले आणि ते म्हणाले, "आपल्या रेमोला मिळाली." वडिलांचा 'आपला' हा शब्द कायम राहिला होता, आमचा मात्र केव्हाच आटला होता. ज्याच्यावर आपला एकट्याचा हक्क असावा असे वाटते, त्याच्यावर आपले प्रेम नसते; ती केवळ मालकी असते.

याहून मोठी चूक त्यानंतरची आहे. २००९ सालच्या गणेशोत्सवात सांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी आमच्याकडे होती. एक सोळा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. त्याच्या खांद्यावर गिटार होती. त्याने स्वतः एक मराठी गाणे रचले होते आणि त्याला केवळ दहा मिनिटे हवी होती. आम्ही त्यास म्हणालो, "लोकांच्या ओळखीचे एखादे गाणे वाजव. तुझे स्वतःचे कोण ऐकणार?" तो "बरं, काका," म्हणाला आणि निघून गेला. कार्यक्रम वेळेवर पार पडला. लोकांनी आमची पाठ थोपटली.

२०२१ साली रेमोंचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते हाती घेतले आणि म्हापशाच्या बाजारातले ते दोन दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याबरोबर तो मुलगाही. आयुष्यभर ज्या स्कूटरचे गुणगान केले, ती आमच्या दारी येऊन उभी राहिली होती आणि आम्हीच तिला परत पाठविले होते. कंपन्यांची दारे बंद होती म्हणून आम्ही हळहळत असू. आमच्या हाती एकच दार होते, तेही आम्ही लावून घेतले.

त्या मुलाचा पत्ता मिळवून आम्ही त्यास पत्र लिहिले. तो आता पुण्यास नोकरी करतो. उत्तर दोन ओळींचे आले. "काका, मनात काही नाही. गिटार जबलपूरच्या घरी कपाटावर आहे, तारा गंजल्या असतील." ते गाणे कोणते होते, हे आम्ही अद्याप विचारू शकलेलो नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाचा पहिला कार्यक्रम पन्नास वर्षांपूर्वी एका सभासदाच्या ओसरीत झाला, असे वडील सांगत. श्रोते जेमतेम वीस. गाणारे कोणी नामवंत नव्हते. पण ती वीस माणसे सतरंजीवर शेवटपर्यंत बसली, म्हणून आज आपण येथे आहोत. कलावंत मोठा झाला की त्यास श्रोत्यांची वाण पडत नाही. वाण असते ती पहिल्या वीस जणांची. पहिली कॅसेट विकत घेणाऱ्याचे नाव कोणत्याही मानपत्रावर येत नाही; पण त्याच्यावाचून दुसरी कॅसेट निघत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीपुढे आमची एकच सूचना आहे. यापुढे प्रत्येक गणेशोत्सवात दहा मिनिटे अशा मुलामुलींसाठी राखून ठेवावीत, ज्यांना स्वतः रचलेले काही सादर करावयाचे आहे. वाद्य कोणतेही असो. ते बेसूर झाले तरी चालेल, टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. खुर्च्या मात्र रिकाम्या नसाव्यात. पहिल्या रांगेतली एक खुर्ची आम्ही आजच आमच्या नावे नोंदवीत आहोत.