डब्यातली गाणी, आपल्या ओव्या

बाजारात मिळणारा तो हातभर वायरचा छोटा गाण्यांचा डबा आता घरोघरी झालाय. मेमरी कार्ड घातलं की गाणी, बटण दाबलं की रेडिओ. आत्ताही काहीजणी त्यातूनच आम्हाला ऐकत असाल. आम्ही गटासाठी एक घेतला. पापड लाटताना मधोमध ठेवायचो.

मग मोबाइलवर गावातल्या दोन आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि त्याच कार्डात घातल्या. मोबाइलमध्ये जागा उरेना, म्हणून तिथल्या पुसून टाकल्या. श्रावणात भजनं भरायला कार्ड दुकानात दिलं. दुकानदाराने आधी कार्ड कोरं केलं, मग भजनं भरली. त्याला तरी काय बोलणार? आत काय आहे ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

एक आजी पुन्हा गायल्या. दुसऱ्या तोवर गेल्या होत्या.

हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. आम्हाला दोघींच्याही सांभाळता आल्या नाहीत.

आता ओव्यांचं कार्ड वेगळं ठेवलंय, त्याची नक्कल गटाच्या पेटीत. दुकानात फक्त भजनांचं कार्ड जातं. आणि हो, डब्याची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी ओव्या येणारी आजी आहे, त्यांनी तिला सोबत आणा. चहा आमच्याकडे.