लिनक्सची पहिली शिकवणी



युनियनच्या माणसाचा संगणकाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. कामगारांच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही दोन दिवसांचे लिनक्स शिबिर योजीत आहोत, एवढाच.

गेल्या खेपेस आमचे चुकले. पहिल्याच सकाळी मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावयास घेतले आणि एकाची डिस्क पुसली गेली. तीत त्याचा वर्षाचा प्रकल्प होता. तो ओरडला नाही. लॅपटॉप मिटून निघून गेला. तेव्हा ठरविले, पहिल्या दिवशी डिस्कला हात लावावयाचा नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालते. मुलांनी तेथे हवे ते करून पाहावे. बसविणे दुसऱ्या दिवशी, तेही सर्व फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्यावर.

इतिहासास पाच मिनिटे पुरेत. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९२ साली तो जीपीएल परवान्याखाली आला. त्यामुळे मूळ प्रोग्रॅम वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क कोणासही मिळाला. बाकी वेळ मुलांची बोटे चालावीत. ‘मॅन’ ही आज्ञा आधी शिकवावी. ती इतर आज्ञांची माहिती देते, मास्तरांची वाट पाहावी लागत नाही.

फायलींचे हक्क मात्र आम्ही स्वतः शिकविणार. वाचणे, लिहिणे, चालविणे. आणि ते मालकास किती, गटास किती, इतरांस किती. हा तर आमचा जुनाच विषय!

त्या मुलासही निरोप धाडला आहे. उत्तर अजून नाही.